धानपट्ट्यातील आखाडा: लाठी, कुस्ती आणि कराटे

सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली जिल्हा हा सारा जंगलाने वेढलेला धानाचा मुलूख आहे. या मुलखातल्या मुलामुलींसमोर युद्धकला शिकण्याच्या वाटा प्रामुख्याने तीन: काठी आणि तिच्या भावंडांचा जुना वारसा, मातीवरची कुस्ती, आणि अलीकडच्या काळात शाळांच्या पटांगणांवर आलेले कराटे व तायक्वांदो. यांतली श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. वास्तविक प्रत्येक कलेचे बळ तिचे नियम, तिची साधने आणि ती ज्या जमिनीवर खेळली जाते ती जमीन यांतून घडते. त्यामुळे अधिक उपयोगाचा प्रश्न असा, की कोणती कला माणसाला कशाची सवय लावते आणि ती सवय धानपट्ट्यातल्या वर्षभराच्या कामात टिकते की नाही.

काठीपासून आरंभ करणे योग्य, कारण तिचे साधन याच जंगलात वाढते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बांबूच्या दोन जाती मुख्यतः आढळतात. कटांग हा जाड, काटेरी आणि आतून पोकळ असतो, तर मानवेल बारीक, जाड सालीचा आणि कोरड्या जमिनीवर वाढलेला असेल तर जवळजवळ भरीव असतो. लाठीसाठी म्हणूनच मानवेल निवडतात. खेळणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचेल एवढ्या उंचीची, पेरे जवळ असलेली काठी सावलीत वाळवून, गाठी घासून, तेल पाजून ठेवली की ती मार बसल्यावर चिरत नाही. काठी फिरवणे हा या विद्येचा दिखाऊ भाग झाला. तिचा गाभा पवित्र्यात, म्हणजे पाय टाकण्याच्या ठरलेल्या पद्धतीत आहे. शीर म्हणजे डोक्यावरचा वार, तमाचा म्हणजे कानशिलाच्या रोखाने येणारा वार आणि बाहेरा म्हणजे त्याच्या उलट बाजूने येणारा वार. यांतला प्रत्येक वार पायाच्या चालीशी बांधलेला असतो आणि पाय चुकला की हातात कितीही जोर असला तरी वार वाया जातो. फरी-गदका, म्हणजे छोटी ढाल व कातडे मढवलेली छडी घेऊन होणारा खेळ, हे याच विद्येचे समोरासमोर लढण्याचे रूप होय. दांडपट्ट्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे पाते लवचीक व दुधारी असून मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोळीत असते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि सारा वार खांद्यातून व कमरेतून काढावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये त्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

विदर्भात या विद्येला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप देण्याचे मोठे श्रेय अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाला जाते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत सिद्ध केला तोही त्याच काळात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामरक्षण आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय आहेत. बलोपासना ही केवळ पैलवानाची खासगी हौस नसून गावाच्या जीवनाचा भाग आहे, ही समजूत त्यामुळे या भागाला परकी नाही.

कुस्तीचे वेगळेपण तिच्या रोजच्या सरावात आहे. तालमीत जोर आणि बैठका झाल्या की लाल मातीत जोड लावली जाते. या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवलेले असते व रोज फावड्याने ती उकरून मऊ ठेवावी लागते. जोडीत समोरचा गडी खरोखर विरोध करतो. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा हे डाव वस्ताद दाखवतो खरे, पण विरोध करणाऱ्या अंगावर ते शेकडो वेळा फसल्यावरच हाती लागतात. कराटेच्या वर्गात याउलट सरावाचा मोठा वाटा काताला, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिकेला, दिला जातो, आणि कुमिते म्हणजे प्रत्यक्ष झुंज पुष्कळ ठिकाणी परीक्षेच्या वा स्पर्धेच्या वेळीच होते. काताने तोल, नेमकेपणा आणि एकाग्रता येते. परंतु धरलेला हात न सोडणाऱ्या माणसाचे वजन कसे लागते, हे त्यातून कळत नाही. जपानमध्ये १८८२ साली ज्युदोची स्थापना करणाऱ्या जिगोरो कानो यांनी धोकादायक डाव वगळले, उरलेले डाव पूर्ण ताकदीने रोज खेळता येतील अशी रचना केली आणि त्याआधी पडायला शिकवले. या बाबतीत ज्युदो आपल्या मातीतल्या कुस्तीच्या सर्वांत जवळचा ठरतो.

नियम शरीराला कसे वळण लावतात, हे तायक्वांदोत स्पष्ट दिसते. या खेळात डोक्याला ठोसा मारण्यास मनाई आहे आणि लाथेला ठोशापेक्षा जास्त गुण आहेत, म्हणून खेळाडू हात खाली ठेवून पायांवरच अवलंबून राहतो. स्पर्धेत ते बरोबरच असले, तरी स्वसंरक्षणाच्या प्रसंगी हीच सवय घातक ठरू शकते. कुस्तीतही मातीवर चितपट होईपर्यंत झुंजण्याची आणि गादीवर ठरलेल्या मिनिटांत गुण मिळवण्याची वृत्ती वेगवेगळी असते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला गादीवर कांस्यपदक मिळवले ते हे अंतर ओलांडूनच. कराटे-तायक्वांदोतली रंगीत पट्ट्यांची पद्धत तालमीत नाही. मुलांना पायरी-पायरीने पुढे जाण्याचा आनंद मिळतो हा तिचा मोठा गुण आहे, आणि दर काही महिन्यांनी शुल्क घेऊन पट्टा देणे हाच वर्गाचा उद्देश होऊन बसतो हा तितकाच मोठा दोष आहे.

सरावाच्या सवयींचा विचार धानपट्ट्यात ऋतू सोडून करता येत नाही. कोल्हापूरच्या तालमीत राहून दूध-बदामाच्या खुराकावर बारमाही मेहनत करणाऱ्या मल्लाचे वेळापत्रक येथे उचलून आणणे चुकीचे आहे. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत जो मुलगा दिवसभर बांधीतल्या, म्हणजे शेतातल्या, चिखलात वाकून असतो, त्याला संध्याकाळी शेकडो बैठका सांगणे म्हणजे गुडघा आणि कंबर दोन्ही गमावणे होय. त्या काळात हलके ताण, पवित्रे आणि काठीचे हात पुरेत. कापणी-चुरणा (मळणी) आटोपून गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागली की होळीपर्यंतचा काळ झुंजीच्या सरावाला सर्वांत अनुकूल असतो. पुढे मोह व तेंदूपत्त्याचा हंगाम आणि चंद्रपूरचे रणरणते ऊन येते, तेव्हा सराव पुन्हा कमी करावा लागतो. खुराकही येथलाच हवा: तलावातली मासळी, अंडी, तूर-हरभऱ्याची डाळ, जवसाची चटणी. भात भरपूर आणि डाळ नावापुरती, अशा ताटावर मेहनतीचे अंग उभे राहत नाही.

पहाटे सराव करण्याचा जुना दंडकही येथे तपासून घ्यावा लागतो. ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचा वावर गावशिवारापर्यंत आहे आणि पहाट व सांजवेळ हीच त्यांच्या हालचालीची वेळ असते. पोलीस भरतीच्या धावण्याची (मुलांसाठी सोळाशे मीटर, मुलींसाठी आठशे) तयारी करणारी मुले-मुली अंधारात जंगलालगतच्या रस्त्यावर एकट्याने धावतात, हे धोक्याचे आहे. उजाडल्यावर, गावठाणातल्या मैदानावर आणि गटाने सराव करण्यात कमीपणा नाही. लाठी येत असली तरी ती वाघाविरुद्धचे शस्त्र नव्हे, हेही शिकवणाऱ्याने स्पष्ट सांगितले पाहिजे.

सरकारी शाळांतून मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेखाली तीन महिन्यांचे स्वसंरक्षण प्रशिक्षण दिले जाते. एवढ्या अवधीत कोणी योद्धा होत नाही. पकडीतून मनगट सोडवणे, न लागता पडणे, मोठ्याने ओरडणे आणि संधी मिळताच पळणे एवढे मात्र नीट बसू शकते, आणि तेवढेच नीट बसवणे हे प्रामाणिक शिक्षण होय. चौथ्या महिन्यात सराव थांबला, तर हेही वर्षभरात विसरले जाते. म्हणून सिंदेवाहीसारख्या तालुक्यांतील शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांपाशी न थांबता मऊ मातीचा एक हौद, मानवेलीच्या वीस-पंचवीस काठ्या आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी येणारा एक जाणता शिक्षक एवढी सोय अवश्य करावी, आणि त्या हौदात मुलींसाठी मुलांइतकाच वेळ राखून ठेवावा.