थंडीत कोंबडीला पहाटेचा दिवा



डिसेंबरच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "दहा कोंबड्या अन् अंडी दोन. विकूनच टाकते आता." थंडीतच गावरान अंड्याला गिऱ्हाईक जास्त असतं, आणि त्याच पैशातून ताई गटाची बचत भरतात. म्हणून हा विषय.

अंडी का घटतात?
कोंबडीचं शरीर उजेडावर चालतं. उजेड डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूला कळतो, मग अंडी तयार करायचा निरोप जातो. चांगल्या अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्या जिल्ह्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात जेमतेम ११ तासांचा.

काय करायचं?
• खुराड्यात ५ वॅटचा पिवळा एलईडी बल्ब लावा. वायर चोचीपासून, पाण्यापासून आणि भुशापासून लांब ठेवा.
• दिवा पहाटे लावा. संध्याकाळी लावून एकदम विझवला तर कोंबड्यांना अंधारात बसायची जागा सापडत नाही.
• दर आठवड्याला अर्धा तास वाढवत १४ तासांवर थांबा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शेवटी दिवा पहाटे चारला लागेल. रात्रभर नको.
• वेळ रोज तीच पाहिजे. मधेच बंद केला तर अंडी थांबतात, पिसंही गळतात. टायमर लावला तर आपली झोप मोडत नाही.
• दिव्याबरोबर पाणी, अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य आणि शिंपल्याचा चुरा द्या. नुसत्या बाजरीवर भागत नाही.

रोज ३ तास धरले तरी महिन्याला अर्धा युनिटही वीज लागत नाही.

कोणाला उपयोग नाही?
अंड्यावर न आलेल्या तलंगांना दिवा नको. खुडूक बसलेली, पिसं गाळणारी किंवा म्हातारी कोंबडी दिव्याने लगेच अंडी देत नाही. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० अंडी देते. दिव्याने थंडीतली तूट कमी होते, ती तीनशेची होत नाही.

त्या ताईंच्या दहा कोंबड्या आम्ही एकेक करून बघितल्या. तीन तलंगा, दोन खुडूक. म्हणजे दिवा पाचांसाठीच, आणि विकायच्या होत्या त्यात उद्याच्या अंड्यावरच्या तलंगाही!

तुम्हीही आधी मोजा. पंधरा दिवस अंडी वहीत लिहा, मग दिवा लावा, आणि १४ तास झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा मोजा. विकायची की ठेवायची, हे वही बघून ठरवा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या.