बोधाकडून आनंदाकडे

मुलांच्या जुन्या मराठी मासिकांची नुसती नावे एका ओळीत वाचली, तरी मोठ्या माणसांनी मुलांना कसकसे जोखले ते कळते. आधी ‘मराठी शालापत्रक’. नावात शाळा असली, तरी तो सारा शिक्षणखात्याचा आणि शिक्षकांचा मामला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी संस्कृत कवींवरचे आपले लेख लिहिले ते याच पत्रात. सात-आठ वर्षांच्या पोराने ते हाती धरून करायचे काय? मग अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’, त्यानंतर १८८१ मध्ये ‘बालबोध’ आणि १९०६ मध्ये पुण्याहून ‘आनंद’.

‘बालबोध’ म्हणजे विनायक कोंडदेव ओक. स्वतः शिक्षणखात्यातले. तीस वर्षांहून अधिक काळ या माणसाने महिन्याच्या महिन्याला जवळजवळ सगळा अंक एकट्याने लिहिला. एक कविता, एक चरित्र, एक निबंध, एखादा शास्त्रीय विषय आणि उरल्या जागेत किरकोळ मजकूर. ताट ठरलेले, वाढपीही एकच! आज त्यातला उपदेश आपल्याला जड वाटतो. पण हसण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे, की इंग्रजी न येणाऱ्या मुलाला जगातल्या थोरामोठ्यांची आणि पदार्थविज्ञानाची ओळख सोप्या मराठीत करून देणारे तेव्हा होते किती? १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरात जेमतेम सहा माणसे साक्षर होती. ज्या घरात मासिक येई ते घरच मुळात निराळे. अशा घरातल्या मुलाच्या हाती पडणारे पान फुकट जाऊ नये, ही त्या काळच्या शिक्षकाची तळमळ होती.

मग वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ काढला तेव्हा नेमके काय बदलले? बोध काही हद्दपार झाला नाही, तो होताच. पण मुलाला आधी मजा वाटली पाहिजे, ही गोष्ट मासिकाच्या कपाळावरच लिहिली गेली. आणि लिहिणारा कोण? तर मराठीतले संप्रदाय आणि म्हणी गोळा करणारा, पुढे १९२२ मध्ये ‘शब्दरत्नाकर’ हा कोश सिद्ध करणारा पंडित! मला याचे नवल वाटत नाही. मुलांसाठी सोपे लिहायला शब्दांचे भांडार मोठे लागते; तुटपुंजी भाषा असणारा माणूस मुलांपुढे एक तर बोबडे बोलतो, नाही तर पुस्तकी.

बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी ‘संदेश’ काढला तो १९१३ मध्ये. हे नाव निरोपाचेही आणि मिठाईचेही. आपल्याकडे मात्र खाऊच्या डब्यात औषधाची गोळी लपवण्याची सवय बरीच वर्षे टिकली. अजूनही पुस्तकाच्या दुकानात मुलाने गोष्टीचे पुस्तक उचलले, की आपल्यातलाच कोणी तरी विचारतो, ‘यातून शिकायला काय मिळणार?’ तो आवाज ओकांचा नव्हे. ओकांनी निदान शिकवण्यासाठी स्वतः बसून लिहिले होते.

आपटे १९३० मध्ये गेले. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी ‘आनंद’ कित्येक वर्षे सांभाळला. जुन्या ग्रंथालयात या मासिकांचे बांधीव खंड कपाटाच्या अगदी खालच्या खणात असण्याचा संभव फार. मिळाला एखादा, तर मुलांना शेजारी बसवून वाचा. पाने मात्र हळू उलटा. जुन्या कागदाच्या कडा बोटांतच मोडतात.