चिखलात काय नाही, हे कसं कळतं?

मागच्या वेळी आपण प्रमाणांचा विचार करता करता अनुपलब्धीपाशी थांबलो होतो. आज तोच धागा धरून समुद्राच्या तळाशी जायचं आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं किड्यांवर का बोलावं, असं काहींच्या मनात येईल. येऊ द्या. आधी ऐका, मग भांडू.

समोर जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही, हे मला कळतं. कुमारिल भट्टांची परंपरा याला स्वतंत्र प्रमाण मानते, नैयायिक मानत नाहीत. तो वाद आज बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती त्यातली अट. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. उजेड हवा, नजर धड हवी. काळोखात घडा दिसला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आता बघा. एडवर्ड फोर्ब्स हा ब्रिटिश निसर्गअभ्यासक 1841-42 मध्ये एजियन समुद्राचा तळ खरवडून प्राणी गोळा करत होता. जितकं खोल जावं तितके प्राणी कमी. त्यानं ही उतरती रेघ मनातल्या मनात पुढे ओढली आणि म्हटलं, 300 फॅदमच्या खाली, म्हणजे सुमारे 550 मीटरखाली, जीवसृष्टी नसावी. पुष्कळांना ते पटलंही. खाली अंधार, थंडी, पाण्याचा प्रचंड दाब, तिथे कोण जगणार? गंमत म्हणजे त्याच्या वीसेक वर्षं आधी, 1818 मध्ये, जॉन रॉसनं बॅफिन उपसागरात त्याहून कितीतरी खोलवरून चिखल वर काढला होता आणि त्यात किडे होते! पुरावा होता, पण त्याला कुणी मोजलं नाही. फोर्ब्स मूर्ख नव्हता हो. एजियन समुद्र मुळातच अन्नाला गरीब, आणि त्याचं साधन खोल पाण्यात नीट चालत नव्हतं. काळोखात घडा शोधण्यातलाच हा प्रकार.

उजेड पडला तो चाळणीमुळे. 1960 च्या दशकात हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर यांनी अटलांटिकच्या तळाचा चिखल अर्ध्या मिलिमीटरहून बारीक जाळीतून गाळला, आणि जिथे वाळवंट समजत होते तिथे प्राण्यांचे शेकडो प्रकार निघाले. त्यात मोठा वाटा पॉलिकीट किड्यांचा. तुमच्यापैकी कुणी प्राणिशास्त्रात नीरीस शिकलं असेल, त्याच कुळातले. अंगाला वलयं, प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना ताठ केस. कुणी चिखल गिळतं, कुणी नळी बांधून पाण्यातले कण पकडतं, कुणी दुसऱ्या किड्यांची शिकार करतं. 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात मेलेल्या देवमाशाच्या हाडांत मुळं रोवून बसलेले किडे सापडले. त्यांना ना तोंड ना आतडं. नाव ठेवलं ऑसेडॅक्स, म्हणजे हाड खाणारा.

आता आकड्यांकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. 1992 मध्ये फ्रेडरिक ग्रासल आणि नॅन्सी मॅसिओलेक यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरच्या खोल तळातले 233 नमुने तपासले. प्रत्येक नमुना फूटभर लांब-रुंद. सगळे मिळून क्षेत्र जेमतेम 21 चौरस मीटर, आपल्याकडच्या दोन लहान खोल्यांएवढं. त्यात 798 जाती! जवळपास निम्म्या पॉलिकीटांच्या. मग त्यांनीही रेघ पुढे ओढली आणि साऱ्या खोल तळावर एक कोटी जाती असाव्यात, असं म्हटलं. रॉबर्ट मे यांनी लगेच हरकत घेतली, त्यांच्या हिशेबानं पाच लाख. एकाच पुराव्यावरून वीसपट फरक. फोर्ब्सनं रेघ शून्याकडे नेली होती, यांनी कोटीकडे. अनुमानाची उडी दोन्हीकडे तशीच.

बरं, मोजायचं तरी काय? कॅपिटेला कॅपिटाटा नावाचा एक बारीक लालसर किडा आहे. घाण, सडका चिखल असेल तिथे तो फोफावतो, म्हणून प्रदूषणाची खूण म्हणून वापरतात. जगभर एकच जात पसरली आहे, अशी समजूत होती. 1976 मध्ये ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल या दांपत्यानं दाखवलं, की या एका नावाखाली किमान सहा जाती आहेत. दिसायला जवळपास सारख्या, पण अंडी घालण्याच्या तऱ्हा वेगळ्या आणि आपसात प्रजनन नाही. म्हणजे ‘सगळीकडे आढळतो’ हे वाक्य किड्याबद्दल नव्हतं, आपल्या नावाबद्दल होतं. नाम आणि वस्तू यांवर मी वर्गात इतकी वर्षं बडबड केली, पण इतकं चांगलं उदाहरण तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

वाटणीही सरसकट नाही. आपल्या अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू फार कमी असतो. असं पाणी तळाला टेकतं तिथे प्रकार थोडे उरतात, पण जे पॉलिकीट तग धरतात ते भरमसाट असतात. आणखी खाली गेलं की उलटं, डोकी कमी, प्रकार पुष्कळ.

मागे एका श्रोत्यानं विचारलं होतं, हे कळून काय करायचं? मध्य हिंद महासागरात पाच हजार मीटरच्या आसपास धातूंचे गोटे पडलेले आहेत, आणि 75,000 चौरस किलोमीटरचा पट्टा शोधकार्यासाठी भारताकडे आहे. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं त्यावर खूप काम केलं आहे. निकेल, कोबाल्ट लागणार, हे मलाही कळतं; हातातला फोन त्यावरच चालतो. पण खाणीमुळे काय नष्ट होईल, हे आधी सांगता यायला हवं. प्रशांत महासागरातल्या अशाच क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्याची 2023 मध्ये मोजदाद झाली, तेव्हा आढळलेल्या पाच हजारांहून अधिक जातींपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास जातींना नावच नव्हतं. अशा वेळी ‘तिथे विशेष काही आढळलं नाही’ असं कुठल्या अहवालात वाचलंत, तर एवढंच विचारा, चाळण किती बारीक होती आणि नमुने किती घेतले?

आणि चूक झाली तर भरून यायला किती वेळ लागतो, याचाही थोडा अंदाज आहे. 1989 मध्ये पेरूसमोरच्या खोल तळावर शास्त्रज्ञांनी मुद्दाम नांगर फिरवून बघितला होता. 2015 मध्ये परत जाऊन पाहिलं, तर नांगराचे चर अजून तसेच दिसत होते.