कूटबद्ध फायलींतील पासवर्ड

जेसन डोनेनफेल्ड यांनी २०१२ साली तयार केलेली ‘पास’ ही मुक्त आज्ञावली टर्मिनलवर, म्हणजे केवळ टंकलेल्या आज्ञांनी संगणक चालवण्याच्या खिडकीत, वापरली जाते आणि ती प्रत्येक पासवर्ड स्वतंत्र फायलीत ठेवून ‘जीपीजी’ या प्रणालीने कूटबद्ध करते, म्हणजेच खासगी किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात बदलते. ‘पास -सी बँक’ अशी आज्ञा दिल्यास किल्लीचे परवलीवाक्य विचारले जाते, पासवर्ड पडद्यावर न उमटता क्लिपबोर्डवर येतो आणि ४५ सेकंदांनी तेथून पुसला जातो. मात्र फायलींची नावे उघडीच राहत असल्याने कोणकोणती खाती आहेत हे परक्याला कळू शकते. शिवाय किल्ली हरवल्यास सारे पासवर्ड कायमचे गमावले जातात, म्हणून तिची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवणे अत्यावश्यक ठरते.