घरच्यांनी काढलेला माहितीपट संशोधनात कसा वापरायचा?

समजा, तुम्हाला एखाद्या घराण्याने चालवलेल्या करमणुकीच्या कंपनीवर काम करायचं आहे. सिनेमाचा स्टुडिओ असेल, नाटक कंपनी असेल, सर्कस असेल. विषय छान आहे, पण शोधाशोध सुरू केली की पहिल्याच महिन्यात लक्षात येतं की कागद फारसे उरलेले नाहीत. वहीखाती रद्दीत गेली. जुनी रिळं नायट्रेटची होती, ती जळाली, सडली किंवा त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. जुनी माणसंही आता राहिलेली नाहीत. मग हाती लागतो एक माहितीपट, आणि तो बहुतेक वेळा त्याच घरातल्या मुलाने, मुलीने किंवा नातवाने काढलेला असतो.

इथे विद्यार्थ्यांचे दोन गट पडतात. पहिला गट त्यात सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सिनॉप्सिसमध्ये उतरवतो. दुसरा गट ‘घरचे लोक काय, कौतुकच करणार’ म्हणून तो बाजूला ठेवतो. माझं म्हणणं असं की असा माहितीपट म्हणजे साक्ष असते. कोर्टात साक्षीदार आरोपीचा भाऊ निघाला म्हणून त्याला कोणी हाकलून देत नाही, त्याची उलटतपासणी घेतात. ती कशी घ्यायची, ते आपण परळच्या एका कंपनीचं उदाहरण घेऊन बघू.

कंपनी आणि माहितीपट

वाडिया मूव्हिटोन ही कंपनी १९३३ साली जमशेद म्हणजे जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे धाकटे भाऊ होमी यांनी भागीदारांच्या मदतीने सुरू केली. स्टुडिओ होता परळच्या लवजी कॅसलमध्ये. हे लवजी म्हणजे १७३६ साली सुरतेहून मुंबईच्या गोदीत आलेले जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया, या भावांचे पूर्वज. कंपनीच्या बोधचिन्हावर जहाज आहे, ते त्यामुळेच. कंपनीचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’ त्याच वर्षी आला.

कंपनीचं नाव झालं ते १९३५ च्या ‘हंटरवाली’मुळे. त्यातली नायिका नादिया, मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म १९०८ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वडील सैन्यात होते, त्यामुळे ती लहानपणीच मुंबईत आली. सर्कशीत काम केलं होतं, हिंदी यथातथाच. पण घोड्यावर बसून चाबूक फिरवणारी, गुंडांना उचलून आपटणारी ही बाई प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. पुढे ‘मिस फ्रंटियर मेल’, ‘पंजाब मेल’, ‘डायमंड क्वीन’ असे स्टंटपट आले. १९४२ साली होमी वेगळे झाले आणि त्यांनी बसंत पिक्चर्स काढली. त्याच सुमारास परळचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे गेला आणि तिथे राजकमल कलामंदिर उभं राहिलं. म्हणजे आज परळमध्ये ज्या जागेला आपण ‘राजकमल’ म्हणून ओळखतो, तिच्या पोटात आणखी एका घराण्याचा इतिहास आहे.

१९९३ साली या कंपनीवर, खरं तर नादियावर, ‘फिअरलेस: द हंटरवाली स्टोरी’ हा माहितीपट आला. दिग्दर्शक रियाद विंची वाडिया, म्हणजे जमशेद यांचा नातू. होमी त्याचे चुलत आजोबा आणि नादिया चुलत आजी. आता उलटतपासणी सुरू करू.

प्रश्न पहिला: हा कधी काढला आणि कोणी?

माहितीपटात नेहमी दोन काळ असतात, एक ज्याच्याबद्दल तो बोलतो तो आणि दुसरा ज्यात तो तयार झाला तो. विद्यार्थी पहिल्याच्या नोंदी भरभरून घेतात आणि दुसरा विसरतात.

१९९३ साली नादिया हयात होत्या, होमीही हयात होते. नादिया १९९६ च्या जानेवारीत गेल्या, होमी २००४ साली. ‘हंटरवाली’च्या दिवसांतली माणसं जिवंत असताना, त्यांच्याच घरातल्या माणसाने केलेलं हे काम आहे. ती संधी पुन्हा येणार नव्हती. स्वतः रियाद २००३ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला. तीन वर्षं उशीर झाला असता तर ही साक्षच राहिली नसती. म्हणून ‘घरचा माहितीपट’ म्हणून नाक मुरडण्याआधी दहा वेळा विचार करा.

दुसरी बाजूही बघा. रियादने १९९६ साली ‘बॉमगे’ हा लघुपट केला. भारतातल्या समलिंगी आयुष्यावरच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. पुरुषी वेशात, मुखवटा लावून, पुरुषांनाच लोळवणारी नायिका अशा दिग्दर्शकाला का खुणावली असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. १९३५ च्या प्रेक्षकाने नादियात जे पाहिलं आणि १९९३ च्या नातवाने जे पाहिलं, ते एकच असेल असं गृहीत धरू नका. आपली नोंद अशी हवी: ‘१९९३ मध्ये नादियाकडे असं पाहिलं गेलं.’

प्रश्न दुसरा: साहित्य कोणाच्या ताब्यात आहे?

घरच्या माणसाला रिळं, फोटो, पोस्टर, पत्रं सहज मिळतात. बाहेरच्याला परवानगी मागावी लागते, कधी पैसे मोजावे लागतात. त्यामुळे माहितीपटात काय दिसतं हे इतिहासाइतकंच कपाटावरही अवलंबून असतं. जे घरात जपलं गेलं ते पडद्यावर येतं. जे जपलं गेलं नाही ते ‘घडलंच नाही’ असं वाटू लागतं.

शिवाय स्मृतीला मालकी असते. २०१७ साली ‘रंगून’ चित्रपट आला, तेव्हा त्यातली नायिका नादियावर बेतलेली आहे आणि आपल्या हक्कांचा भंग झाला आहे, असं म्हणत वाडिया मूव्हिटोन मुंबई उच्च न्यायालयात गेली. बरोबर कोण, चूक कोण, हा आपला विषय नाही. आपल्यासाठी धडा एवढाच की नादियाची गोष्ट ही एक मालमत्ताही आहे, आणि जो माहितीपट काढतो तोच त्या मालमत्तेचा वारसही असू शकतो. हे संबंध तुमच्या प्रकरणात एका वाक्यात नोंदवलेच पाहिजेत.

प्रश्न तिसरा: दिसतंय ते नक्की कधीचं आहे?

इथे परळहून जरा दादरला जाऊ, कारण याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तिथलं आहे. दादासाहेब फाळक्यांची कंपनीही घरचीच होती. दादरच्या घरात फिल्म धुण्याचं काम सरस्वतीबाई करत, ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. १९१७ साली तर फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक छोटी फिल्म केली. तिच्या उरलेल्या तुकड्यात ते स्वतः काम करताना दिसतात. कंपनीने स्वतःबद्दल काढलेला माहितीपटच म्हणा ना.

‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी लागला. फाळक्यांवरच्या बहुतेक कार्यक्रमांत ही तारीख सांगताना मागे त्या चित्रपटाची दृश्यं दिसतात. पण फाळक्यांनी १९१७ साली हाच चित्रपट पुन्हा केला होता, आणि आज शिल्लक असलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे निवेदक १९१३ म्हणतो आणि डोळ्यांसमोर बहुधा १९१७ असतं. यात कोणी खोटं बोलत नसतं, बोलण्याला जोड म्हणून जे हाती असतं ते लावलं जातं. पण तुम्ही त्या दृश्यावरून १९१३ सालच्या कॅमेऱ्याबद्दल किंवा अभिनयाबद्दल विधान केलंत, तर व्हायवाला पहिला प्रश्न तिथेच येईल.

प्रश्न चौथा: गोष्टीचा साचा कोणता?

‘हंटरवाली’बद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. चित्रपट तयार झाला, पण गोऱ्या बाईचा हा विचित्र चित्रपट घ्यायला वितरक धजेनात. शेवटी भावांनी धीर करून तो ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला आणि गर्दी उसळली. फाळक्यांच्या गोष्टीत विमा गहाण पडतो, बायकोचे दागिने जातात, लोक वेडा म्हणतात आणि मग यश येतं. घराण्याच्या कंपनीची कथा बहुधा या साच्यात बसते: सगळ्यांनी नाही म्हटलं, घर पाठीशी उभं राहिलं, पडदा उघडला.

साचा आहे म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. पण तिचे तुकडे करा. ‘सुपर सिनेमात लागला’ आणि ‘इतके आठवडे चालला’ हे तुकडे १९३५ सालच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरून तपासता येतात. ‘वितरकांनी नाकारला’ हा तुकडा जाहिरातीत सापडणार नाही. त्याला पत्रव्यवहार, करार किंवा वितरकाच्या बाजूची आठवण लागेल. ती मिळाली नाही तर ‘कुटुंबात सांगितलं जातं की’ असं लिहून पुढे जा. ही कमीपणाची गोष्ट नाही.

प्रश्न पाचवा: कोण दिसत नाही?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. स्टुडिओ परळमध्ये होता, म्हणजे गिरणगावात. भोवती गिरण्यांची भोंगे वाजवणारी वस्ती, चाळी, खानावळी. स्टुडिओत सुतार, रंगारी, लाईटवाले, घोडे सांभाळणारे, नायिकेच्या हातून मार खाणारे स्टंटवाले असणारच. घरच्यांच्या आठवणीत मालक, दिग्दर्शक, नायिका असतात. पगारपत्रकावरची माणसं क्वचितच नावानिशी येतात. प्रेक्षकही ‘गर्दी’ म्हणूनच येतो.

ही उणीव माहितीपटाकडून भरून निघणार नाही, ती तुम्हाला भरावी लागेल. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींमधून केलेलं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक २००४ साली आलं. मौखिक इतिहास मालकाच्या दिवाणखान्याबाहेर कसा गोळा करतात, हे त्यातून शिका. स्टंटपटांवर बाहेरच्या अभ्यासकाने कसं लिहिलंय ते बघायचं तर रोझी थॉमस यांचं ‘बॉम्बे बिफोर बॉलिवूड’ आहे. घरची आणि बाहेरची अशा दोन्ही साक्षी समोरासमोर ठेवल्या की तुमचा प्रश्न आपोआप धारदार होतो.

मग प्रत्यक्षात काय करायचं?

माहितीपट तीनदा बघा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा वहीत चार रकाने पाडून: वेळ, काय सांगितलं, कोणी सांगितलं, मागे काय दाखवलं. तिसऱ्यांदा आवाज बंद करून. आवाज नसला की जुनं दृश्य, नवीन दृश्य आणि नुसता फोटो हे वेगवेगळे दिसायला लागतात.

मग पाचवा रकाना पाडा: हे कुठे तपासता येईल? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ‘फिल्मइंडिया’चे अंक, आणि मूकपटांच्या काळासाठी १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ कमिटीसमोरच्या साक्षींचे खंड. त्या साक्षींमध्ये फाळकेही आहेत. पाचव्या रकान्यात ज्या ओळी कोऱ्या राहतील, त्यांतूनच बऱ्याचदा संशोधनाचा विषय निघतो.

सिनॉप्सिसमध्ये ‘दुय्यम साधनं’ या मथळ्याखाली माहितीपटाचं नुसतं नाव टाकू नका. असं काहीतरी लिहा: ‘हा माहितीपट कंपनीच्या संस्थापकाच्या नातवाने १९९३ साली केला. १९३० च्या दशकातल्या घटनांसाठी तो कुटुंबाची साक्ष म्हणून, आणि १९९० च्या दशकातल्या नादियाच्या प्रतिमेसाठी प्राथमिक साधन म्हणून वापरला आहे.’ या दोन वाक्यांत गाईडला कळतं की तुम्हाला साधन कळलंय.

आणि एक शेवटचं. तुमच्या विषयातल्या कंपनीवर अजून कोणी माहितीपट केलेला नसेल, पण त्या घरातलं ऐंशी-पंच्याऐंशीचं कोणी असेल, तर नेट आणि पेटच्या तारखा सांभाळून आधी त्यांची वेळ मागून घ्या. त्याच आठवड्यात त्या कंपनीत कामाला असलेल्या एखाद्या सुताराचं, लाईटवाल्याचं किंवा डोअरकीपरचं घरही शोधा. दोघांनाही एकच प्रश्न विचारा, आणि दोन्ही उत्तरं एकाच पानावर लिहा.