डोंगरावरचा प्रक्षेपक कोणाचे ऐकतो?

एप्रिल २०१६ मधली गोष्ट. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत ब्रेकनरिज नावाचे गाव आहे. तेथील रेडिओ केंद्रावरची गाणी एके दिवशी अचानक बंद झाली आणि त्यांच्या जागी भलत्याच मंडळींच्या अश्लील गप्पा ऐकू येऊ लागल्या. हा प्रकार सुमारे दीड तास चालला. टेक्सास राज्यातील एका केंद्राचीही तीच गत झाली. स्टुडिओत कोणी शिरले नव्हते, मनोऱ्यावर कोणी चढले नव्हते. मग हे झाले कसे?

एफ. एम. लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून स्टुडिओ गावात आणि प्रक्षेपक उंच डोंगरावर, अशी मांडणी पुष्कळदा असते. दोहोंना जोडण्यासाठी पूर्वी खास टेलिफोनची तार किंवा सूक्ष्मलहरींचा दुवा वापरीत. आता अनेक ठिकाणी हे काम इंटरनेट करते. स्टुडिओतील पेटी आवाजाचे अंकांत रूपांतर करते, डोंगरावरची पेटी त्या अंकांचा पुन्हा आवाज करून प्रक्षेपकाला देते. ब्रेकनरिजला चोर शिरले ते या डोंगरावरच्या पेटीत. त्यांनी तिला सांगितले, 'यापुढे स्टुडिओचे ऐकू नकोस, आमचे ऐक.' तिने ऐकले!

यंत्राच्या हाती केंद्र सोपवण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील काही केंद्रांत प्रत्येक गाण्याच्या शेवटी फितीवर २५ हर्ट्झचा खर्ज सूर भरलेला असे. श्रोत्यांना तो जाणवत नसे. यंत्र मात्र तो ओळखून दुसरी फीत सुरू करी. आज गाणी, जाहिराती, वेळापत्रक हे सारे संगणकात असते आणि अभियंता आपल्या घरी बसून त्यात फेरफार करू शकतो. मध्यरात्री प्रक्षेपकाची शक्ती घसरली तर पावसात डोंगर चढावा लागत नाही. सोय मोठीच. पण जी वाट अभियंत्याला मोकळी, ती इतरांनाही मोकळी असू शकते.

त्या पेट्यांना परवलीचा शब्द होता की नाही? होता. परंतु निदान काही ठिकाणी सहा अक्षरी शब्द चोरांनी फोडल्याचे नंतर सांगण्यात आले. पेटी तर चोवीस अक्षरांपर्यंतचा शब्द घेऊ शकत होती! आता वही-पेन्सिल घ्या. इंग्रजी २६ अक्षरांपासून सहा अक्षरी शब्द होतात २६ चा सहावा घात, म्हणजे ३०,८९,१५,७७६. आकडा मोठा दिसतो. पण सेकंदाला हजार शब्द तपासणाऱ्या संगणकाला ते सारे संपवायला जेमतेम साडेतीन दिवस लागतील. चोवीस अक्षरे घेतली तर शब्दांची संख्या ९ वर ३३ शून्ये इतकी होते. सेकंदाला एक कोटी शब्द तपासले तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे दोनशे कोटी पट काळ लागेल. अर्थात अक्षरे खरोखर अस्ताव्यस्त निवडलेली हवीत. नाहीतर चोर आधी शब्दकोशच उघडतो.

याहून स्वस्त उपायही आहे. पंधरा मिनिटांत तीनच वेळा प्रयत्न करू द्यायचा, एवढा नियम पेटीला घाला. मग दिवसाला २८८ प्रयत्न होतील आणि तेच सहा अक्षरी शब्द संपवायला सुमारे २,९०० वर्षे लागतील. हे गणित मला फार आवडते, कारण त्यात शब्द मुळीच बदललेला नाही. बदलला आहे तो फक्त दारवानाचा स्वभाव.

तरीही एक भोक राहतेच. टेलिफोनवरून प्रक्षेपक चालवीत, तेव्हा अभियंता फोनची बटणे दाबून सांकेतिक आकडा पाठवी. ५ चे बटण दाबले की ७७० आणि १,३३६ हर्ट्झ हे दोन सूर एकदम निघतात. तार चोरून ऐकणाऱ्याने हे सूर फितीवर उतरवले तर? आकडा ठाऊक नसतानाही फीत वाजवून त्याचे काम झाले!

यावर तोड अशी. यंत्राने गुपित विचारूच नये, प्रश्न विचारावा आणि तोही दर वेळी नवा. समजा, अभियंता आणि यंत्र या दोघांनाच १७ ही संख्या माहीत आहे. यंत्र म्हणते, '३८'. अभियंता ३८ ला १७ ने गुणतो, ६४६ ला ९७ ने भागतो आणि बाकी ६४ कळवतो. चोराने ६४ टिपून ठेवले. पण पुढच्या वेळी यंत्र म्हणते, '५१'. आता उत्तर ९१ हवे. जुने ६४ कुचकामाचे. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, '३८ आणि ६४ वरून १७ शोधता येईल की!' बरोबर आहे, शोधून पाहाच. म्हणून प्रत्यक्षात प्रचंड संख्या आणि उलट दिशेने सोडवता न येणारी गणिते वापरतात. त्यावर आणखी, सारा संवाद गुप्तलेखनाच्या बोगद्यातून नेतात, म्हणजे ती पेटी इंटरनेटच्या हमरस्त्यावर कोणाच्या नजरेसच पडत नाही.

केवळ गाणी बिघडली असती तर एवढी चर्चा कशाला? पण ११ फेब्रुवारी २०१३ रोजी मोंटाना राज्यातील ग्रेट फॉल्स येथील दूरचित्रवाणी केंद्रावरून, संकटसूचनेच्या यंत्रणेतूनच, मृतदेह थडग्यांतून उठून जिवंतांवर हल्ले करीत असल्याचा इशारा प्रक्षेपित झाला. यंत्राला कारखान्यात दिलेला परवलीचा शब्द कोणी बदललाच नव्हता आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला होता! उद्या त्याच यंत्रणेने खऱ्या वादळाची सूचना दिली, तर लोकांनी घर सोडायचे की हसायचे?

ब्रेकनरिजसारख्या घटनेत चोरांनी आणखी एक गोष्ट केली होती. आत शिरताच त्यांनी परवलीचा शब्दच बदलला. त्यामुळे खऱ्या मालकांना दुरून काहीच करता येईना. अभियंत्यांना शेवटी प्रक्षेपकापाशी स्वतः जाऊन पेटी हाताने पूर्ववत करावी लागली.