गावच्या दूध संस्थेसाठी सेवकांची निवड

गावात सहकारी दूध संस्था निघाली म्हणजे चालकांचे लक्ष प्रथम जागा, काटा, कॅन आणि तपासणीचे यंत्र यांकडे जाते. या वस्तू आवश्यक आहेतच. परंतु पैसे मोजले की त्या बाजारात मिळतात आणि बिघडल्यास दुरुस्तही होतात. ज्यांच्या हातून रोजचे काम व्हावयाचे ते सचिव, दूध मोजणारा आणि फॅट काढणारा हे सेवक मात्र पुष्कळदा घाईने, कोणाच्या तरी शब्दाखातर नेमले जातात. पुढे सभासदांत कुरबूर सुरू होते, काही जण दूध खाजगी गवळ्याला घालू लागतात आणि चांगली चाललेली संस्था दोन-तीन वर्षांत निस्तेज होते. म्हणून सेवकांची निवड कशी करावी, याचा विचार व्यवस्थापक समितीने पहिला नेमणूक-ठराव करण्यापूर्वीच करणे इष्ट आहे.

एका पॉइंटचे मोल

महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर सर्वसाधारणपणे ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ, आणि म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट व ९.० एसएनएफ या प्रतीवर बांधलेला असतो. प्रत त्याहून कमी-अधिक भरली की प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ठराविक पैसे वजा किंवा जमा होतात.

समजा, एका पॉइंटला लिटरमागे ६० पैसे फरक पडतो. रोज ८ लिटर म्हशीचे दूध घालणाऱ्या सभासदाचे फॅट चुकून ३ पॉइंट कमी लिहिले गेले, तर त्याचे दिवसाला १४ रुपये ४० पैसे, दहा दिवसांच्या बिलात १४४ रुपये आणि महिन्याला ४३२ रुपये बुडतील. एवढ्या रकमेत जनावराच्या काही दिवसांच्या पेंडीची सोय झाली असती. उलट फॅट ३ पॉइंट जास्त लिहिले, तर सभासद संतुष्ट राहील. परंतु संघाच्या शीतकरण केंद्रावर संस्थेच्या एकत्र दुधाची तपासणी होईल तेव्हा ती तूट संस्थेच्या, म्हणजे पर्यायाने सर्व सभासदांच्या माथी बसेल. फॅट काढणाऱ्याचा हात असा दोन्ही बाजूंनी तोलून चालावा लागतो.

प्रथम काम ठरवावे, मग माणूस

किती सेवक हवेत, हे उत्पन्नावरून ठरवावे. समजा, संस्थेकडे रोज ५०० लिटर दूध जमते आणि खर्चासाठी लिटरमागे दीड रुपया सुटतो. महिन्याचे २२,५०० रुपये झाले. त्यांतून भाडे, वीज, रसायने व कागद यांचे ४,५०० रुपये वजा जाता १८,००० रुपये उरतात. एवढ्यात सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास काम करणारे दोन सेवक ठेवता येतील. चौघांना नेमले तर चौघांचेही पोट भरणार नाही आणि दिवाळीला सभासदांना द्यावयाचा दूध-फरकही उरणार नाही.

त्यानंतर प्रत्येकाचे काम कागदावर लिहून काढावे. दूध कोणी मोजावयाचे, नमुना कोणी घ्यावयाचा, फॅट कोणी काढावयाचे, नोंदवही कोणी लिहावयाची, कॅन कोणी धुवावयाचे, पशुखाद्याच्या विक्रीची रोकड कोणाजवळ राहावयाची, हे स्पष्ट असावे. शक्य तेथवर मोजणारा आणि फॅट काढणारा हे दोन वेगळे सेवक असावेत. हिशेब लिहिणाऱ्याजवळ रोकड ठेवू नये. काम असे विभागले म्हणजे प्रामाणिक माणसावर संशय येत नाही आणि अप्रामाणिकास वाव मिळत नाही.

उमेदवार बोलवावे

जागा भरावयाची आहे, हे संस्थेच्या फलकावर निदान पंधरा दिवस लिहून ठेवावे आणि दूध घालावयास येणाऱ्या प्रत्येकास सांगावे. स्त्रियांनाही अर्ज करण्यास आवर्जून सुचवावे. घरोघरी जनावरांची उस्तवार बहुतांशी स्त्रियाच करतात. दुधाची त्यांना चांगली पारख असते आणि तपासणीचे काम त्या शिकून उत्तम करू शकतात.

समितीच्या सभासदाचा नातलग उमेदवार असेल तर तेवढ्यावरून त्याला बाद करण्याचे कारण नाही. लहान गावात कोणी ना कोणी कोणाचा तरी सोयरा असतोच. मात्र ज्या सभासदाचे नाते असेल त्याने निवडीच्या बैठकीतून बाहेर बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. परीक्षा सर्वांना एकच असावी.

या संदर्भात गुजरातमधील आणंदचे उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा दूध संघ १९४६ मध्ये नोंदला गेला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांनी, आणंदच्या सरकारी क्रीमरीत १९४९ मध्ये आलेले तरुण अभियंता वर्गीस कुरियन यांना आग्रहाने थांबवून घेतले आणि संघाचा कारभार त्यांच्याकडे सोपविला. कुरियन हे मूळचे केरळचे. त्या जिल्ह्यात त्यांचे ना नातेगोते, ना जमीनजुमला. पुढे कुरियन यांनी आपले परिचित एच. एम. दलाया यांना आणले. ओळख होती हे खरे, परंतु दुग्धव्यवसायाचे शास्त्रही त्यांना अवगत होते. म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याची रीत दलायांनी बसविली आणि १९५५ मध्ये संघाचा भुकटीचा कारखाना सुरू झाला. धोरण शेतकऱ्यांच्या हाती आणि काम जाणत्याच्या हाती, हा तेथील धडा लहान संस्थेलाही लागू पडतो.

परीक्षा कामावर घ्यावी

नुसत्या मुलाखतीवर विसंबू नये. उमेदवारास तीन दिवस संकलनाच्या वेळी बोलवावे, त्या दिवसांची मजुरी द्यावी आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

नमुना घेण्यापूर्वी तो दूध नीट ढवळतो काय? दूध स्थिर राहिले की साय वर येते. न ढवळता वरवरचा नमुना घेतला तर फॅट खोटे जास्त दिसते.

गर्बर पद्धतीने फॅट काढावयाचे असल्यास नळीत प्रथम १० मिलिलिटर गंधकाम्ल, मग १०.७५ मिलिलिटर दूध आणि शेवटी १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल हा क्रम तो पाळतो काय? अम्ल तोंडाने न ओढता मापकाने घेतो काय? यंत्रावर तपासणी असल्यास काम संपताच यंत्र धुतो काय?

एकाच दुधाचे दोन नमुने त्यास न सांगता वेगवेगळ्या क्रमांकांनी द्यावेत. दोन उत्तरांत ०.१ हून अधिक फरक पडू लागल्यास त्यास अधिक शिक्षणाची गरज आहे, असे समजावे.

हिशेबासाठी एक साधे उदाहरण घालावे: साडेसात लिटर दूध, दर ५२ रुपये ४० पैसे. उत्तर ३९३ रुपये आले पाहिजे. अंक सुवाच्य असावेत आणि चुकलेला आकडा खरवडून न टाकता त्यावर रेघ ओढून सही करण्याची सवय असावी.

अखेरीस, गर्दीच्या वेळी गरीब सभासदाच्या लहान चरवीशी तो कसा वागतो, हे पाहावे. दोन लिटरवाल्यास ताटकळत ठेवून पुढाऱ्याची किटली आधी घेणारा माणूस वजनातही मुरवत करील.

पूर्वी जेथे काम केले असेल तेथे समितीच्या दोघांनी समक्ष जाऊन चौकशी करावी. काम का सुटले, हे उमेदवारासही विचारावे. एकाच बाजूच्या सांगण्यावरून मत बनवू नये.

नेमणूक आणि वेतन

निवड झाल्यावर लेखी नेमणूकपत्र द्यावे. त्यात काम, वेळ, वेतन, रजा आणि तीन महिन्यांची उमेदवारी या गोष्टी नमूद असाव्यात. वेतन कायद्याने ठरविलेल्या किमान दराहून कमी नसावे आणि ते ठरल्या तारखेस मिळावे. ज्याच्या हाती शंभर घरांचे माप दिले, त्याला अर्धपोटी ठेवून सचोटीची अपेक्षा करणे न्यायाचे नाही. नव्या सेवकास संघाच्या शीतकरण केंद्रावर काही दिवस पाठवून शिकवून आणणे श्रेयस्कर.

नेमल्यानंतर

चांगल्या सेवकासही देखरेख हवी. प्रत्येक सभासदास प्रत्येक वेळी लिटर, फॅट व दर यांची पावती मिळावी. आठवड्यातून एकदा, आगाऊ न सांगता, समितीच्या एका सभासदाने पाच नमुने फेरतपासावेत. दहा दिवसांच्या बिलाच्या वेळी सभासदांच्या दुधाचे सरासरी फॅट आणि संघाने दिलेले फॅट शेजारी मांडून पाहावे. सरासरी काढताना प्रत्येकाच्या लिटरचा हिशेब धरावा. दोहोंत वारंवार मोठा फरक येऊ लागल्यास प्रथम यंत्र, मग नमुना घेण्याची रीत आणि त्यानंतर माणूस तपासावा. हा क्रम उलटा केल्यास निर्दोष सेवकावर ठपका येण्याचा संभव असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समितीस या कामी साह्य करावे. अर्जाचा नमुना द्यावा, परीक्षेच्या दिवशी हजर राहावे. आपला उमेदवार मात्र पुढे करू नये. तीन महिन्यांची उमेदवारी संपण्यापूर्वी समितीने बैठक घेऊन काम पाहावे, सभासदांचे म्हणणे ऐकावे आणि सेवकासही आपले म्हणणे मांडू द्यावे. काम समाधानकारक असल्यास त्यास कायम करावे. नसल्यास काय सुधारावयाचे ते लिहून देऊन मुदत वाढवावी, किंवा त्याचे देणे चुकते करून सन्मानाने निरोप द्यावा आणि जागा पुन्हा फलकावर लावावी.